पट्टा नसलेला कुत्रा अंगावर येतो आणि मालक म्हणतो ‘काही करत नाही’: कुठून सुरुवात करायची

तक्रार बहुतेक वेळा एकाच वाक्यात येते: “बी विंगमधला कुत्रा रोज अंगावर येतो आणि मालकाला सांगून उपयोग नाही.” या एका वाक्यात तीन वेगवेगळे बिघाड लपलेले असतात. कुत्रा सुटतो, हा पहिला. सुटला की माणसावर जातो, हा दुसरा. आणि मालक काही करत नाही, हा तिसरा. तिन्हींची दुरुस्ती वेगळी आहे. तिन्ही एका दमात सोडवायला गेलं की पार्किंगमध्ये भांडण होतं, दोन घरांचं बोलणं बंद होतं आणि कुत्रा दुसऱ्या दिवशी पुन्हा मोकळाच फिरतो.

खालच्या तपासण्या फुकट आणि सोप्यापासून खर्चिक आणि अवघडापर्यंत लावल्या आहेत. मधल्या पायऱ्या गाळून थेट पोलिसांत गेलात तर तिथेही “आधी सांगितलं होतं का? लेखी काही आहे का?” हेच विचारतात. अपवाद एकच: चावा झाला असेल तर बाकी सगळं ठेवा आणि ‘चावा झाला असेल तर’ हा भाग आधी वाचा.

लक्षणं

- दार किंवा गेट उघडलं की कुत्रा आधी बाहेर येतो, माणूस मागून. हे रोज साधारण ठरलेल्या वेळेला होतं.
- गळ्यात पट्टा आहे, पण दोरी मालकाच्या खांद्यावर टाकलेली किंवा मनगटाला गुंडाळलेली.
- दोरी लावलेली आहे, पण ती धरणारी व्यक्ती कुत्र्याला आवरू शकत नाही. बहुधा शाळकरी मुलगा, नाहीतर घरकामाच्या मावशी.
- लिफ्टचं दार उघडताच आतून झेप येते.
- ठरावीक माणसांवरच जातो: सायकलवाला, हेल्मेट घातलेला डिलिव्हरीवाला, झाडू मारणाऱ्या ताई, काठी टेकत चालणारे आजोबा, पळणारी मुलं.
- आधी लांबून भुंकायचा, मग जवळ यायला लागला, आता पँट किंवा ओढणी दातात धरतो.

शेवटचं लक्षण दिसलं तर घाई करा. कुत्र्याला कळलेलं असतं की जवळ गेलं की माणूस मागे हटतो, आणि जे जमलं ते तो पुन्हा करतो. ते आपोआप कमी होत नाही.

भुंकण्यावरून धोका मोजू नका. मोठ्याने भुंकत पुढे-मागे करणारा कुत्रा अजून ‘लांब राहा’ असं सांगतोय. काळजी करायची ती गप्प कुत्र्याची: अंग ताठ, तोंड मिटलेलं, मान खांद्याच्या रेषेत खाली, नजर रोखलेली, डोळ्याच्या कोपऱ्यात पांढरं दिसतंय. शेपूट हलते म्हणजे खेळायला आलाय, हा समज अनेकांना महागात पडतो. सैल अंगाने, कमरेसकट हलणारी शेपूट मैत्रीची. वर ताठ उभी आणि फक्त टोकाला थरथरणारी शेपूट इशाऱ्याची.

पहिली तपासणी: कुत्रा नक्की कुणाचा

फुकटची तपासणी आहे आणि तीच सर्वात जास्त वेळा राहून जाते. गळ्यात पट्टा दिसला म्हणजे मालक आहे असं नाही. वस्तीतल्या कुत्र्यांनाही लोक हौसेने पट्टा बांधतात. उलट, पट्टा नसलेला कुत्रा कुणाच्या तरी ओसरीवर रोज रात्री झोपत असतो. दोन-तीन दिवस बघा: रात्री कुठे जातो, आजारी पडला की डॉक्टरकडे कोण नेतं, हाक मारली की कुणाकडे धावतो.

कानाच्या टोकाला खाच असेल तर त्याची नसबंदी पालिकेच्या किंवा संस्थेच्या मोहिमेत झालेली आहे. अशा भटक्या कुत्र्याला प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ लागू होतात. नसबंदी आणि लसीकरण करून त्याला पुन्हा त्याच जागी सोडायचं, हा त्यांचा गाभा. भटक्या कुत्र्याची तक्रार पालिकेच्या पशुवैद्यकीय विभागाकडे करायची. पाळीव कुत्र्याची जबाबदारी मालकाची. या लेखात पुढे आहे ते पाळीव कुत्र्यासाठी.

जातीवरून निष्कर्ष काढू नका. मार्च २०२४ मध्ये केंद्राने २३ जातींवर बंदी घालण्याबाबत परिपत्रक काढलं आणि दिल्ली उच्च न्यायालयाने ते त्याच वर्षी रद्द केलं. ‘पिटबुल आहे’ एवढ्यावर तक्रार उभी राहत नाही. कुत्रा काय करतो यावर उभी राहते.

दुसरी तपासणी: तो सुटतो कुठून

सगळ्यात जास्त प्रश्न इथे सुटतात, म्हणून इथे वेळ घाला. चार दिवस फक्त निरीक्षण करा: कुत्रा मोकळा झाला तो क्षण कुठला होता? उत्तर बहुधा दार, गेट, हात किंवा हेतू या चारपैकी एक असतं.

*गेट.* बंगल्याच्या लोखंडी गेटची बिजागरी झिजली की गेट आपल्या वजनाने खाली बसतं. अर्ध्या-एक सेंटिमीटरने बसलं तरी कडी कोयंड्यात जात नाही. घरातली माणसं मग कडी लावायचा नाद सोडतात आणि गेट नुसतं लोटून ठेवतात. कुत्रा नाकाने ढकलतो आणि बाहेर येतो. मालकाला मनापासून वाटत असतं की गेट बंद होतं. दुरुस्ती सोपी आहे: बिजागरीच्या खुंटीत एक-दोन वॉशर टाकून गेट उचलायचं, ते जमलं नाही तर वेल्डरकडून कोयंडा खाली सरकवून घ्यायचा. शिवाय गेटला स्प्रिंग लावली की पाहुण्याने उघडं टाकलेलं गेट स्वतःच मिटतं. गेटखालची फटही बघा. डोकं आणि खांदे गेले की कुत्रा जातो. खाली एक आडवी पट्टी जोडून घेतली की काम होतं.

*फ्लॅटचं दार.* दूध, पेपर, कुरिअर आणि कचरा, या चार वेळा. दार उघडलं की पायांमधून कुत्रा निसटतो. हायड्रॉलिक डोअर क्लोजर साधारण हजार-दोन हजारांत बसतो. पण खरा उपाय दाराच्या आत आहे: लहान मुलांसाठी लावतात तसं जाळीचं छोटं फाटक पॅसेजमध्ये. म्हणजे बाहेरचं दार उघडलं तरी कुत्रा दुसऱ्या दाराच्या आत असतो. घरात कुत्र्याला दिवसभर साखळीने बांधून ठेवणं हा उपाय नाही. बांधून ठेवलेला कुत्रा जास्त चिडका होतो, आणि साखळी निघाली की तो सगळा दाब बाहेरच्या माणसावर निघतो.

*हात.* इथे चार बिघाड नेहमीचे:

– गळपट्टा सैल. कुत्रा मागे ओढून डोकं काढून घेतो. पट्टा आणि मान यांच्यात दोन बोटं जातील, तिसरं जाणार नाही, एवढा घट्ट हवा. डोक्यापेक्षा जाड मानेच्या कुत्र्याला छातीचा पट्टा लागतो. मोठ्या, निसटणाऱ्या कुत्र्याला दोन्ही लावून एकाच दोरीला जोडावेत.

– हूक. स्वस्त दोरीचा ओतीव हूक झटक्याला उघडतो किंवा फिरत्या जोडापाशी झिजून तुटतो. त्याच्या जागी स्क्रूचं कुलूप असलेला स्टीलचा कॅराबिनर, म्हणजे पूर्ण मिटणारी कडी, घाला.

– लांब सुटणारी, बटणाची दोरी. पाच मीटर दोरी बाहेर असताना बटण दाबून मोठा कुत्रा थांबत नाही, हँडलच हातातून निसटतं आणि फरफटत त्याच्या मागे येतं. त्या खडखडाटाने तो आणखी पळतो. सोसायटीत आणि रस्त्यावर पाच-सहा फुटांची साधी चपटी दोरीच हवी.

– धरणारी व्यक्ती. तीस-पस्तीस किलोच्या कुत्र्याला दहा वर्षांचं मूल आवरू शकत नाही. सामान कितीही चांगलं घेतलं तरी हा बिघाड राहतो.

*हेतू.* टेकडीवर, नदीकाठी, शाळेच्या मैदानात “जरा पळू दे” म्हणून मुद्दाम सोडणारे. इथे वस्तू बिघडलेली नाही, सवय बिघडली आहे. अशा ठिकाणी थेट चौथ्या तपासणीवर जा.

शेतवस्तीचं प्रकरण थोडं वेगळं. तिथे कुत्रा राखणीलाच ठेवलेला असतो आणि त्याच्या लेखी समोरचा रस्ताही वस्तीचाच असतो. काही ठिकाणी गुरांसारखं त्याच्याही गळ्यात लोढणं अडकवतात. त्याने मान सोलते, कुत्रा दुखण्याने आणखी खवळतो, आणि दुचाकीवर यायचा तो येतोच. दिवसा रहदारीच्या वेळी आवारात कोंडून रात्री मोकळा सोडणं, किंवा रस्त्याच्या बाजूने जाळी मारणं, एवढंच तिथे चालतं.

या तपासणीचा आणखी एक फायदा आहे. “तुमचा कुत्रा धोकादायक आहे” म्हटलं की मालक कुत्र्याची बाजू घेतो. “तुमच्या गेटची कडी कोयंड्यात बसत नाही” म्हटलं की तो गेटकडे बघायला येतो.

तिसरी तपासणी: समोर आल्यावर तुम्ही काय करता

दोष तुमचा आहे म्हणून ही तपासणी नाही. मालक सुधारायला महिना लागतो, कुत्रा उद्या सकाळी येणार आहे.

पळू नका. पळणाऱ्या वस्तूमागे जाणं कुत्र्याच्या रक्तात आहे. जागच्या जागी थांबा, त्याच्याकडे तोंड न करता किंचित बाजूला वळा, हात छातीशी घ्या, डोळ्यांत न बघता त्याच्या पायांकडे लक्ष ठेवा. तो थांबला की बाजूबाजूने, सावकाश मागे सरका. पाठ फिरवायची ती मध्ये गाडी, खांब किंवा दार आल्यावरच. मुलांना हेच “झाड हो” असं शिकवा: पाय रोवलेले, फांद्या आत, तोंड बंद. घरात दोनदा खेळ म्हणून करून घ्या. मुलांच्या बाबतीत हे फार महत्त्वाचं, कारण त्यांचा चेहरा कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीवर असतो.

खाली वाकून दगड उचलल्याचा आव आणणं, ही आपली जुनी युक्ती. रस्त्यावरच्या कुत्र्याने दगड खाल्लेला असतो म्हणून तो मागे हटतो. फ्लॅटमध्ये वाढलेल्या कुत्र्याला त्या हालचालीचा अर्थच माहीत नसतो, आणि वाकल्यामुळे तुमचा चेहरा मात्र त्याच्यासमोर येतो. पाळीव कुत्र्यासमोर वाकू नका.

हातात काही ठेवायचंच तर छत्री ठेवा. बटणाची छत्री त्याच्या दिशेने उघडली की मध्ये भिंत उभी राहते आणि त्याची झेप मोडते. पिशवी, दप्तर किंवा वहाणसुद्धा पुढे धरता येते. चावायचाच असेल तर आधी वस्तूला चावू दे. काठी टेकायला असेल तर ठीक, उगारू मात्र नका. मिरीचा फवारा वाऱ्याच्या दिशेवर अवलंबून असतो आणि लिफ्टमध्ये तो दोघांच्याही डोळ्यांत जातो. कानाला न ऐकू येणाऱ्या आवाजाची यंत्रं काही कुत्र्यांवर चालतात, काहींवर अजिबात नाही. पैसे त्यावर घालण्यापेक्षा छत्रीवर घाला.

दुचाकीवर असाल तर कुत्रा दिसताच पन्नास-शंभर मीटर आधी वेग कमी करा, सरळ रेषेत जा आणि लाथ मारू नका. इथे चाव्यापेक्षा तोल जाऊन पडण्याचा धोका मोठा असतो. सायकलवरून उतरा आणि सायकल मध्ये घेऊन चाला.

खाली पडलातच तर गुडघे पोटाशी घ्या आणि दोन्ही हातांनी मान व कान झाका. तुमच्या कुत्र्यावर दुसरा कुत्रा तुटून पडला तर मध्ये हात घालू नका. झुंजीत कुत्रा कुणाचा हात आहे ते बघत नाही. बादलीभर पाणी, चादर किंवा मोठा पुठ्ठा वापरा. छोट्या कुत्र्याला डोक्यावर उचलून धरलं की मोठा तुमच्या अंगावर उडी मारतो, त्यापेक्षा त्याला गाडीत किंवा दाराआड ढकला. झुंजीनंतर जखम टाचणीच्या टोकाएवढी दिसली तरी त्याच दिवशी पशुवैद्याला दाखवा. दाताचं भोक बाहेरून लहान असतं, आत खोल जातं आणि पिकतं.

चौथी तपासणी: मालकाशी बोलणं

कुत्रा अंगावर आला त्या क्षणी बोलू नका. तुमचा आवाज चढलेला असतो, मालक ओशाळलेला असतो, आणि ओशाळलेला माणूस भांडतो. शिवाय आवाज चढला की कुत्राही पुन्हा चढतो. संध्याकाळी जा, कुत्रा सोबत नसताना. जास्तीत जास्त दोघं जा. त्यातला एक जण त्या घराशी चांगले संबंध असलेला हवा.

काय मागायचं ते मोजता येईल असं मागा. “काळजी घ्या” म्हणू नका, काळजी मोजता येत नाही. “काका, फ्लॅटच्या दारापासून मेन गेटबाहेर जाईपर्यंत दोरी हातात हवी. लिफ्टमध्ये आधी कुणी असेल तर पुढची लिफ्ट घ्या. आणि सकाळी पावणेसात ते साडेसात मुलं बसला उभी असतात, तेवढ्या वेळात मागच्या गेटने जा.” ही तीन वाक्यं पुरतात. दोन आठवड्यांनी पाळलं की नाही ते हो-नाहीत सांगता येतं.

उत्तरं ठरलेली असतात, तयारीने जा.

“तो काही करत नाही हो.” म्हणा: “तुम्हाला करत नाही, खरं आहे. माझ्या आईला ते माहीत नाही. ती घाबरून मागे सरली आणि पडली तर खुब्याचं हाड मोडेल, चावायचीही गरज नाही.”

“तुम्ही घाबरता म्हणून येतो.” पळण्या-ओरडण्याने कुत्रा चेकाळतो, हे खरंच आहे. ते मान्य करा आणि सांगा की लहान मुलं घाबरणारच, म्हणूनच दोरी आहे.

“भटक्यांना आधी आवरा.” तो प्रश्न खरा आहे, वेगळा आहे आणि त्याची तक्रार वेगळी करू. एवढंच बोला आणि दोरीवर परत या.

मालक ऐकणारा असेल तर एक गोष्ट जरूर सुचवा: कुत्र्याला आधी पशुवैद्याकडे न्या. चार-पाच वर्षं शांत असलेला कुत्रा अचानक अंगावर जायला लागला तर कानाचा संसर्ग, दात, सांधेदुखी किंवा कमी झालेली नजर, असं काहीतरी दुखणं असू शकतं. नसबंदीने नराचं भटकणं आणि नराशी भांडणं कमी होतं, भीतीपोटीची आक्रमकता तेवढ्याने जात नाही. मुसकं लावायचं तर पिंजऱ्यासारखं, ज्यात त्याला तोंड उघडून धापता येतं आणि पाणी पिता येतं. कापडी, तोंड घट्ट आवळणारं मुसकं आपल्या उन्हात धोक्याचं आहे, कारण कुत्रा धापूनच अंग गार ठेवतो. मुसक्याची सवय खाऊ देत आठ-पंधरा दिवसांत लावावी लागते. पहिल्याच दिवशी बांधलं तर तो पंज्याने ओरबाडून काढतो.

इथे तुम्ही थांबायचं. कुत्र्याची वागणूक बदलणं हे शेजाऱ्याचं काम नाही, मालकाने स्वतः काठीने करायचं कामही नाही. मारून, शॉकच्या पट्ट्याने ‘सरळ’ केलेला कुत्रा गुरगुरणं सोडतो आणि इशारा न देता चावायला शिकतो. पशुवैद्याने दुखणं नाही असं सांगितलं की अनुभवी वर्तनतज्ज्ञाकडे जायचं.

पाचवी तपासणी: वही आणि पत्र

दोन आठवड्यांत फरक पडला नाही तर लिहायला लागा. नोंद अशी असावी:

“१४ जून, सकाळी ६.५०, बी विंगच्या पायऱ्या. तपकिरी कुत्रा, दोरी नाही. सायकलवरच्या मुलाच्या मागे साधारण वीस पावलं धावला. मालक गेटपाशी उभे, हाक मारली, कुत्रा परतला नाही. वॉचमन हजर. कॅमेरा क्र. ३.”

‘भयंकर’, ‘नेहमीच’, ‘मुद्दाम’ हे शब्द वहीत नकोत. अशा पाच-सहा नोंदी झाल्या की मालकाला एक पानाचं पत्र द्या: तारखा, काय झालं, काय हवं, किती दिवसांत. त्याच्या प्रतीवर पोच घ्या. घेत नसेल तर स्पीड पोस्टने पाठवा आणि पावती जपा. व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. तिथे शंभर उत्तरं येतात आणि त्यांतलं एखादं तुमच्याच विरुद्ध वापरलं जातं.

पत्राला एवढं वजन का, ते कायद्यात आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ म्हणतं की आपल्या ताब्यातल्या प्राण्यापासून माणसाच्या जिवाला किंवा गंभीर दुखापतीचा संभाव्य धोका असताना, जाणूनबुजून किंवा हयगयीने पुरेशी खबरदारी न घेणं हा गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. चावा व्हायलाच हवा असं त्यात कुठेही नाही, धोका संभाव्य असणं पुरतं. आणि पोच दिलेलं पत्र हातात असलं की “मला माहीतच नव्हतं” हे मालकाला म्हणता येत नाही.

कॅमेऱ्याचं चित्रण लगेच मागा. सोसायटीचा रेकॉर्डर डिस्क भरली की जुनं पुसत जातो, काही ठिकाणी आठवड्यातच. सेक्रेटरींना त्याच दिवशी लेखी द्या: तारीख, वेळ, कॅमेरा, ‘जतन करून ठेवावं’. पुढे ते न्यायालयात द्यायचं झालं तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं, म्हणून फाइल कुणी, कधी, कशातून उतरवून घेतली तेही लिहून ठेवा.

सहावी तपासणी: सोसायटी

कमिटीला काय करता येतं आणि काय नाही, हे माहीत नसल्यामुळे इथे महिने वाया जातात. कुत्रा पाळण्यावर बंदी घालता येत नाही, सर्वसाधारण सभेत सगळ्यांनी हात वर केले तरीही. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची २०१५ ची मार्गदर्शक तत्त्वं याबाबत स्पष्ट आहेत. लिफ्ट वापरू न देणं, मुसक्याची सक्ती करणं, कायद्याचा आधार नसलेला दंड बिलात लावणं, हेही त्यात बसत नाही. मालक हे वाचून आलेला असतो आणि असा ठराव केलात की संपूर्ण विषय त्याच्या हक्कांवर जातो.

करता येतं ते असं: सार्वजनिक जागेत दोरी हवी असं सर्वांसाठी एकसारखं निवेदन, फिरवण्याच्या वेळांवर सहमती, कुत्र्यांसाठी एक कोपरा, मागच्या गेटचा वापर, दरवर्षी रेबीज लसीच्या नोंदीची विचारणा. आणि कमिटीच्या लेटरहेडवर त्या मालकाला पत्र. कमिटीचं पत्र तुमच्या पत्राशेजारी ठेवलं की दोन वेगवेगळ्या तोंडून एकच गोष्ट सांगितली गेल्याचं दिसतं.

कुणी विषाची, फटके मारण्याची, लांब नेऊन सोडण्याची भाषा करत असेल तर तिथेच थांबवा. प्राण्याला मारणं, विष देणं, जायबंदी करणं याला न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली पाच वर्षांपर्यंत कैद आहे. कुत्रा बांधायला नकार देणारा माणूस मोकळा राहील आणि तुमच्या बाजूचा माणूस आरोपी होईल. शिवाय चूक कुत्र्याची नाहीच.

चावा झाला असेल तर

जखम नळाच्या वाहत्या पाण्याखाली, साबण लावून, पूर्ण पंधरा मिनिटं धुवा. घड्याळ लावा, कारण घाबरलेल्या माणसाला दोन मिनिटं पंधरा वाटतात. साबणाने रेबीजच्या विषाणूचं आवरण मोडतं आणि पाण्याने तो वाहून जातो, म्हणून हे सगळ्या इंजेक्शनांच्या आधी. नंतर पोव्हिडोन आयोडीन. हळद, चुना, तिखट, तेल काही लावू नका. पट्टी आवळू नका, टाके घालायचे की नाही हे डॉक्टर ठरवतील.

मग त्याच दिवशी रुग्णालयात. कातडी फाटून रक्त आलं असेल, किंवा लाळ डोळ्यात, तोंडात किंवा उघड्या जखमेत गेली असेल तर ती रेबीजच्या धोक्याची तिसरी, म्हणजे सर्वात गंभीर श्रेणी. तिथे लसीसोबत जखमेत भरायचं सीरमही लागतं, मात्रा वजनावर ठरते. प्रत्येक दवाखान्यात सीरम असतंच असं नाही, म्हणून निघण्याआधी फोन करून “रेबीजचं सीरम आहे का” असं नेमकं विचारा. रक्त न येता ओरखडा असेल तरी लस लागते. पोटातली चौदा इंजेक्शनं केव्हाच गेली. आता लस दंडात देतात: स्नायूत दिली तर ०, ३, ७, १४, २८ या दिवशी, कातडीत दिली तर ०, ३, ७, २८. पहिला डोस ज्या दिवशी, तो शून्य. मधला डोस चुकवू नका. आधी पूर्ण कोर्स झालेला असेल तर डॉक्टरांना सांगा, तेव्हा दोनच डोस पुरतात.

“आमच्या कुत्र्याला लस दिलेली आहे” यावर थांबू नका. लसीचं पुस्तक बघा, तारीख बघा आणि तरीही लस सुरू करा. कुत्रा मात्र दहा दिवस नजरेसमोर हवा. दहा दिवसांनी तो ठणठणीत असेल तर पुढचे डोस घ्यायचे का हे डॉक्टर ठरवतात. तक्रारीच्या भीतीने मालक कुत्र्याला गावी किंवा फार्महाऊसवर पाठवून देतात आणि ही खातरजमाच हातची जाते. म्हणून त्या दिवशी मालकाशी एवढंच बोला: कुत्रा दहा दिवस इथेच ठेवा आणि रोज दाखवा.

लाळ गळतेय, जबडा लोंबतोय, झोकांड्या खातोय, समोर येईल त्याला चावतोय, असा कुत्रा दिसला तर पकडायला जाऊ नका. दारं लावून घ्या, पालिकेला कळवा, रस्त्यावर माणसं असतील तर ११२ लावा.

रुग्णालयात ‘कुत्रा चावल्याची नोंद’ केसपेपरवर करून घ्या. जखमेचे फोटो धुण्यानंतर, उजेडात, शेजारी मोजपट्टी किंवा नाणं ठेवून काढा. बिलं जपा, भरपाई मागताना तीच लागतात.

शेवटची पायरी: पालिका, पोलीस, दंडाधिकारी

पालिकेत आधी कुत्र्याचा परवाना आहे का ते विचारा. मुंबई, पुण्यासारख्या महापालिकांत तो लागतो आणि त्यासाठी रेबीज लसीचं प्रमाणपत्र द्यावं लागतं. परवाना नसेल तर पालिकेची नोटीस निघू शकते. छोटी गोष्ट वाटते, पण सरकारी लिफाफा घरी आल्यावर बरेच मालक दुकानात जाऊन दोरी आणतात.

पोलीस ठाण्यात जाताना सोबत वही, पत्राची पोच, कमिटीचं पत्र, चित्रण आणि चावा असेल तर केसपेपर न्या. अर्जात न्याय संहितेचं कलम २९१ लिहा. दुखापत झाली असेल तर कलम १२५ सुद्धा. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ मध्येही हिंस्र कुत्रा मुसक्याविना मोकळा सोडण्याला मनाई आहे. म्हणजे सोसायटीला मुसक्याची सक्ती करता येत नसली तरी पोलीस कायद्याला ती अनोळखी नाही. तक्रार घेत नसतील तर तीच लेखी, पोस्टाने पोलीस अधीक्षक किंवा आयुक्तांकडे पाठवा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये तशी सोय आहे.

गुन्हा नोंदवण्याइतकं काही घडलं नाही पण धोका कायम आहे, अशा वेळी त्याच संहितेचं कलम १५२ कामाचं. धोकादायक प्राणी बंदिस्त ठेवण्याचा आदेश कार्यकारी दंडाधिकारी देऊ शकतात. या टप्प्यावर वकील घ्या. अर्ज कसा मांडला यावर तिथे बरंच ठरतं आणि इथून पुढे स्वतः करत बसण्यात अर्थ नाही.

न्यायालयात शिक्षा होते, पण वेळ लागतो. मुंबईत नेपियन सी रोडला २०१० मध्ये रॉटवायलरने एका वृद्धाला चावल्याच्या प्रकरणात मालकाला तीन महिन्यांची कैद झाली ती २०२३ मध्ये. वरळीत एका इमारतीच्या लिफ्टमध्ये २०१८ मध्ये हस्की चावला, मालकाला २०२५ मध्ये चार महिन्यांची शिक्षा झाली. तिथे कॅमेऱ्याचं चित्रण निर्णायक ठरलं: आतला माणूस थांबा म्हणत असताना कुत्र्याला ओढून लिफ्टमध्ये आणलेलं त्यात दिसत होतं.

त्यामुळे खटल्याचा निकाल लागेपर्यंत रोजच्या चालण्यात फरक पाडते ती पोलिसांनी मालकाला बोलावून दिलेली समज. ती कुठल्या तारखेला, कुठल्या अर्जावर दिली ते लिहून घ्या. त्यानंतर कुत्रा पुन्हा मोकळा दिसला तर त्याच दिवशी, पहिल्या अर्जाचा क्रमांक घालून दुसरा अर्ज द्या.